मेश्रामांचा डावा गाल

भिलाईत मला नावाने ओळखणारी माणसं कमी होती. बाजारात भाजी घेताना कुणीतरी हात जोडायचं आणि शेजारच्याला सांगायचं, "यही हैं वो बिजली वाली मैडम." मग तो शेजारचा माणूस जरा मागे सरकायचा. मी कारखान्याच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. खोलीत मेणाचं भांडं होतं, खांदा फिरवायचं चाक होतं, चालायला शिकवायच्या दोन समांतर दांड्या होत्या. पण लोकांच्या लक्षात राहायचं ते करंटचं यंत्र. ओलं फडकं गुंडाळलेली एक चकती गालावर धरली, बटण किंचित फिरवलं, की झोपी गेलेला स्नायू टुणकन उडायचा. एवढ्या भांडवलावर मला ते नाव चिकटलं आणि निवृत्त झाल्यावरही सुटलं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती लिहा, असा निरोप आला. गमती आहेत. पण लिहायला बसले तर हात आपोआप कारखान्यातल्या एका खलाशाकडे वळला. तेव्हा त्याचंच सांगते.

त्याआधी थोडं चेहऱ्याबद्दल. तोंड वाकडं झालं की आपल्याकडे सरसकट लकवा म्हणतात आणि घरात रडारड सुरू होते. दर वेळी तो मेंदूचा झटका नसतो. कानामागून एक नस निघते आणि त्या बाजूच्या चेहऱ्यावर पसरते. ती नस सुजली की अर्धा चेहरा बंद पडतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे कपाळ. रोग्याला भुवया वर करायला सांगायचं. मेंदूच्या झटक्यात बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना आठ्या पडतात. नस गेली असेल तर अर्धं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट राहतं. अशी माणसं आमच्याकडे बरीच यायची. बहुतेक बरी व्हायची आणि श्रेय बिजलीला द्यायची.

काहींच्या मागे मात्र वेगळंच कारण असायचं. ते मला शिकवलं डॉक्टर सेनगुप्तांनी. ते आमच्या दवाखान्यात कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. पान खायचे, हिंदी बंगाली वळणाने बोलायचे आणि रोग समजावताना स्वतःच खुश व्हायचे. हर्पीस या विषाणूंचं एक घराणं आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड आणणारा एक, लहानपणी कांजिण्या देणारा दुसरा, तरुण पोरांचा घसा आणि गळ्यातल्या गाठी सुजवणारा तिसरा, गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला बाधू शकणारा आणखी एक. पण डॉक्टरांनी एका वाक्यात सगळं घराणं डोळ्यांपुढे उभं केलं. म्हणाले, "मैडम, ये पूरा खानदान एक जैसा है. एक बार शरीर में क्वार्टर मिल गया, तो रिटायरमेंट के बाद भी खाली नहीं करता."

कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या भिलाईच्या माणसाला यापेक्षा जास्त समजावायची गरज नव्हती.

कांजिण्या बऱ्या होतात, पण तो विषाणू नसांच्या मुळाशी जाऊन बसतो. वर्षानुवर्षं गप्प असतो. वय वाढलं, अंग थकलं, ताकद कमी झाली की कधीतरी उठतो आणि ज्या नसेत बसलेला असेल तिच्या वाटेने बाहेर येतो. छातीच्या किंवा कमरेच्या नसेतून आला की आपण त्याला नागीण म्हणतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपतो, अशी भीती घरोघरी होती. लेखा विभागातले एक देशमुख साहेब तर बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन रोज सकाळी फोडांमधलं अंतर मोजायचे. ती नस पाठीच्या कण्यापासून पोटाच्या मध्यापर्यंतच जाते, सहसा पलीकडे ओलांडत नाही, म्हणून तोंड आणि शेपूट जुळायचा प्रश्नच नाही, हे त्यांना डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. देशमुख साहेबांनी चित्र नीट घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पटलं. तरी मी मोजत राहतो." फोड वाळले तरी त्या जागेची आग काही महिने राहिली, म्हणून ते माझ्याकडे शेक घ्यायला येत. भेटीला आलेल्या प्रत्येकाला ते चित्र दाखवत.

हाच विषाणू चेहऱ्याच्या नसेतूनही उठतो, हे मात्र मी तोपर्यंत डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

एका सकाळी डॉक्टर सेनगुप्ता स्वतः एका माणसाला दंडाला धरून माझ्या खोलीत घेऊन आले. उंच, रुंद खांद्यांचा, पंचेचाळिशीचा माणूस, पण पावलं लहान मुलासारखी टाकत होता. अर्ध्या चेहऱ्यावर मफलर. मागे त्याची बायको, हातात पाण्याची बाटली आणि छोटा टॉवेल. हे मेश्राम. मूळचे भंडाऱ्याकडचे, स्टील मेल्टिंग शॉपमध्ये खलासी. वर क्रेन चालते, तिला लटकून वितळलेल्या पोलादाचं घराएवढं भांडं चालतं, आणि खाली उभा राहून शिट्टी आणि हाताच्या खुणांनी त्या क्रेनला वाट दाखवायचं काम यांचं. क्रेनवाल्याला वरून सगळं दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे खालचा खलासी.

"मफलर निकालो," डॉक्टर म्हणाले आणि मला जवळ बोलावून टॉर्च लावला. डाव्या कानाच्या पाळीत आणि आत भोकाच्या तोंडाशी खपल्या धरलेले बारीक फोड होते. "देखिए. वही नागिन. इस बार कान में बैठी है."

चेहऱ्याची नस जाते त्याच चिंचोळ्या जागेत ऐकण्याची एक आणि तोल सांभाळण्याची एक अशा आणखी दोन नसा असतात. विषाणूने तिघींना धरलं होतं. डावा चेहरा बंद, डाव्या कानाने ऐकू येणं कमी, आणि उठलं की सगळं गरगर फिरायचं.

मी मेश्रामांना विचारलं, "सुरुवात कशी झाली, भाऊ?"

"कान ठनकत होता जी," ते म्हणाले. ओठ एका बाजूने सैल, शब्द घसरत होते. "म्या मनलं, थंडी लागली असन. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो. क्रेन आली. शिट्टी मारली त नुसती हवा निंगाली. पुन्ना मारली, पुन्ना हवा. वरच्यानं पाह्यलं, थो समजला, त्यानं क्रेन थांबवली. नाही त..."

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या. तवा आमच्या गावात माता आली मनत. मायनं लिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं." मग म्हणाले, "आता आमी माता नाही मनत."

"फोडांना खपल्या धरल्या. दवाखान्यात यायला इतके दिवस का लागले?"

याचं उत्तर बायकोने दिलं. कौसल्याताई बोलायला लागल्या की सरळ बोलत. "यायच्या भावानं दुर्गच्या पलीकडे एका मानसाकडे नेलं. त्यानं कबुतराचं रगत चोपडलं गालाले. मी मनून राहिली, दवाखान्यात चला, दवाखान्यात चला. कोन आयकते? शेवटी मीच रिक्षा आनली."

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पण खरं ते लपवलं नाही. या विषाणूवरचं औषध तेव्हा आमच्याकडे मिळत नव्हतं, आणि सूज उतरवायच्या गोळ्यांचा खरा उपयोग पहिल्या दोन-चार दिवसांत. साध्या वाकड्या तोंडापेक्षा हे प्रकरण चिवट असतं, पूर्ण भरून येईलच असं नाही, हेही सांगितलं. मेश्रामांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून एकच विचारलं.

"बाई, शिट्टी वाजन का?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही, भाऊ. पण काम सुरू करू."

पहिलं काम डोळ्याचं. डावा डोळा मिटतच नव्हता. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडतो, त्यावर जखम होते, नजर जाऊ शकते. दिवसा थेंब आणि चष्मा, झोपताना मलम घालून पापणी चिकटपट्टीने बंद करायची. ते कौसल्याताईंनी पहिल्याच दिवशी शिकून घेतलं. मग गालाची हलकी मालिश, खालून वर. थोडा करंट. तोल यावा म्हणून जमिनीवर खडूने रेघ काढून तिच्यावरून चालणं. आणि आरशासमोर बसून चेहऱ्याचे व्यायाम: भुवया वर, नाक आक्रसणं, गाल फुगवणं, ओठ गोल करून फुंकर. जोर लावायचा नाही, कारण जोर लावला की चांगली बाजूच ओढते आणि तोंड आणखी वाकडं दिसतं. हळूहळू, बघत बघत करायचं. आरसा म्हणूनच लागतो.

आणि आरशापाशीच गाडी अडली. मेश्राम आरशात बघेनात. मी आरसा समोर ठेवला की नजर खिडकीबाहेर. बाकी सगळं निमूट करायचे. करंटला तर हसायचेही, म्हणजे अर्ध्या तोंडाने. पण आरसा म्हटलं की मान खाली. काही आठवडे गेले, गालात काहीच हालचाल नाही. आणि एका सोमवारी ते आलेच नाहीत. मंगळवारीही नाहीत.

बुधवारी ड्युटी सुटल्यावर मी लूना काढली आणि सेक्टर सहाला त्यांच्या क्वार्टरवर गेले. कौसल्याताईंनी दार उघडलं आणि मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. मेश्राम भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसले होते. पुढ्यात जेवणाचं ताट.

"हे असं आहे पाहा," कौसल्याताई म्हणाल्या. "पोरींसंगं जेवत नाहीत. तोंडातून वरन गयते मनते. कालच्या दिवशी शॉपमधले दोघं भेटाले आले, त हे मोरीत जाऊन बसले."

मेश्राम भिंतीकडेच बघत म्हणाले, "बाई, कावून आले तुमी? आता काही होत नाही. थे आले होते, मोरीत आयकू आलं, मनत होते का मेडिकल बोर्ड बसन. अनफिट केलं त क्वार्टर जाईन. मोठीचं लगन करायचं आहे. पाव्हने येतीन, मनतीन पोरीच्या बापाले लकवा हाय."

धीर देणारी वाक्यं माझ्याकडे पुष्कळ होती, रोज वापरायचे, पण त्या अंगणात ती पोकळ वाटली असती. मी फक्त म्हणाले, "भाऊ, नस मेलेली नाही. ती फार हळू वाढते. आरशात बघून केलं तर तिला वाट सापडते. तुम्ही आरसाच बघत नाही."

"मले नाही पाहाचं थे तोंड."

तेव्हा कौसल्याताईंनी ताट उचललं, बाजूला ठेवलं, दुसरी खाट ओढून नवऱ्याच्या आणि भिंतीच्या मध्ये घातली आणि तिच्यावर बसल्या. गुडघ्याला गुडघा लागत होता.

"आरसा नाही पाहाचा ना? नका पाहू. माह्याइकडे पाहा. मी करते तसं करा."

आणि त्यांनी भुवया वर केल्या. मग नाक आक्रसलं. मग दोन्ही गाल टम्म फुगवले. कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावर पदर, आणि फुगलेले गाल. दारात त्यांच्या दोघी मुली उभ्या होत्या, त्यांना हसू आवरेना. मेश्रामांनी आधी मान फिरवली. कौसल्याताईंनी हनुवटीला धरून ती परत वळवली. "इकडे पाहा मनते ना."

त्यांनी पाहिलं. आणि केलं.

दुसऱ्या दिवसापासून दोघं पुन्हा दवाखान्यात येऊ लागली. माझ्या खोलीत दोन स्टुलं समोरासमोर. बायको चेहरा करायची, नवरा उतरवायचा, मी बाजूला बसून बोटाने गाल धरायचे आणि कुठे काय कमी पडतंय ते सांगायचे. हाडाचे रोगी व्यायाम सोडून बघत बसायचे. एक छत्तीसगढी म्हातारा चाक फिरवता फिरवता रोज शाबासकी द्यायचा, "बने करत हस, बाई!" कौसल्याताई लाजायच्या नाहीत. पुढे मी कितीतरी रोग्यांच्या घरच्यांना असंच समोर बसवलं. कुणाचा मुलगा, कुणाची बहीण, एकदा तर एका सुनेची सासू. स्वतःच्या मोडलेल्या चेहऱ्याकडे बघणं फार अवघड असतं. आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघणं जमतं. हे मला त्या अंगणात मिळालं, आणि त्यासाठी मी आजही कौसल्याताईंची ऋणी आहे.

उन्हाळा तापला होता, खिडकीत वाळ्याचा पडदा लावला होता, त्या दिवसांत एकदा कौसल्याताई गाल फुगवत असताना त्यांना मध्येच जोराची शिंक आली. गालातली सगळी हवा फुस्सकन समोर. मेश्राम हसले. आणि माझ्या बोटाखाली, डाव्या ओठाच्या कोपऱ्याशी, काहीतरी हललं. अगदी बारीक, कापड वाऱ्याने हलावं तेवढं. मी ओरडले, "हसा, पुन्हा हसा!" आता सांगून कुठलं हसू येतं? पण कौसल्याताईंनी खोटी शिंक दिली आणि ते पुन्हा हललं. मी धावत जाऊन डॉक्टर सेनगुप्तांना ओपीडीतून उठवून आणलं. त्यांनी वाकून पाहिलं, पान एका गालात सरकवलं आणि म्हणाले, "आ रहा है. आने दो. जल्दी मत करो."

कौसल्याताई टॉवेलात तोंड घालून रडत होत्या. त्यांना रडताना मी तेव्हाच एकदा पाहिलं.

त्यानंतर चेहरा येत गेला. आधी ओठ, मग गाल, मग डोळा मिटायला लागला. कपाळ शेवटपर्यंत थोडं सपाटच राहिलं. गरगरणं थांबलं, रेघेवरून ते सरळ चालू लागले. पावसाळा संपता संपता त्यांनी खिशातून शिट्टी काढली. सुरुवातीला फुसकी, मग अशी वाजली की शेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीतून सिस्टर धावत आली.

मेडिकल बोर्डासमोर मी नव्हते, पण निकाल सांगायला ते स्वतः आले. चेहऱ्याबद्दल हरकत नव्हती. कान परत आला नव्हता. एका कानाने आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही, आणि डोक्यावरून पोलाद जात असताना ते कळायलाच हवं. बोर्डाचं बरोबर होतं. मलाही दुसरं काही म्हणता आलं नसतं. शॉपमधून त्यांना काढलं, पण अनफिट केलं नाही. नव्या खलाशांना मोकळ्या यार्डात खुणा आणि शिट्ट्या शिकवायचं काम दिलं. क्वार्टर राहिलं, पगार राहिला.

"मास्तर केलं मले," मेश्राम म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. "बाई, थ्या भट्टीची गरमी, थो आवाज... तुमाले नाही समजाचं." खरंच, मला नाही समजायचं. मी इतकंच म्हणू शकले की शिट्टी वाजली. ते म्हणाले, "हो. वाजली खरी."

त्यांनी एक काम मात्र कुणी न सांगता सुरू केलं. यार्डात, शॉपमध्ये, सायकल स्टँडवर कुणाचं तोंड जरा वाकडं दिसलं, किंवा कुणी कान ठणकतो म्हणालं, की मेश्राम त्याला त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन यायचे. कबुतरवाल्याचं नाव काढू द्यायचे नाहीत. त्यातले निम्मे नुसत्या दाढदुखीचे किंवा कानात मळ साचलेले निघायचे. डॉक्टर सेनगुप्ता वैतागायचे, "मेश्राम, आज किसको पकड़ लाए?" पण जे खरोखर आजारी होते ते वेळेत आले आणि लवकर बरे झाले. पुढे नव्वदच्या दशकात या विषाणूवरच्या गोळ्या आमच्याकडे मिळू लागल्या. त्याही लवकर दिल्या तरच कामाच्या. तोवर कारखान्यात बऱ्याच जणांना ठाऊक झालं होतं की वाकड्या तोंडाला उशीर करायचा नसतो. एका माणसाच्या गेलेल्या कानामुळे किती जणांचे चेहरे वाचले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण मी ते बघितलं आहे. चांगले डॉक्टर, ऐकणारे रोगी आणि रोग्याच्या समोर बसणारी माणसं मला लाभली. नोकरीत यापेक्षा जास्त काय मिळतं, मला माहीत नाही.

बोर्डाच्या निकालानंतर काही महिन्यांनी, मोठ्या मुलीच्या लग्नाची खरेदी करताना दोघं एकदा मला सिविक सेंटरच्या बाजारात भेटली. साड्यांच्या दुकानाबाहेर कौसल्याताई पिशव्या सांभाळत होत्या. मेश्रामांनी मला पाहिलं आणि हसले, आणि हसताना त्यांचा डावा डोळा आपोआप मिटला. नस पुन्हा वाढताना कधीकधी तिचे काही धागे चुकीच्या जागी जाऊन जुळतात. ओठाकडे जायचा निरोप डोळ्यालाही पोचतो. मग हसलं की डोळा मिटतो. ते तेव्हा सुधारायला माझ्याकडे काही नव्हतं.

मी म्हणाले, "भाऊ, सगळं छान झालं. हे एक मात्र राहून गेलं."

मेश्राम काही बोलायच्या आत कौसल्याताईंनी पिशव्या खाली ठेवल्या.

"राहू द्या ना, बाई," त्या म्हणाल्या. "लगन होऊन इतके वर्स झाले, यायनं मले कधी डोया मारला नव्हता. आता दिवसभर मारून राहिले."

मेश्रामांनी जमिनीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि भर बाजारात पुन्हा मारला.